व्यायाम आणि फुरसतीचा जमाखर्च

‘व्यायाम का करीत नाही?’ हा प्रश्न आम्ही वैद्यकीय व्यावसायिक ज्या सहजतेने विचारतो, त्याच सहजतेने ‘आळस’ हे उत्तरही मनोमन नोंदवून टाकतो. परंतु कर्जत-बदलापूरहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि रात्री जेवणापुरताच घरी पोहोचणाऱ्या कारकुनाच्या चोवीस तासांचा जमाखर्च कोणी मांडील, तर शिलकेत केवळ अपुरी झोप उरते असे त्यास आढळून येईल.

लालबाग-परळच्या गिरणगावात गिरणी, चाळ आणि तालीम ही एकेकाळी पायी जाण्याच्या टप्प्यात होती. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मावळल्या आणि कामगारांचे संसार दूरच्या उपनगरांत पांगले. तेथे तालमीची जागा दरमहा शुल्क आकारणाऱ्या जिमने घेतली. अर्थात तालमीतही स्त्रियांना सहसा वाव नव्हताच.

स्त्रियांची गोष्ट अधिक बिकट आहे. घरोघरी पोळ्या लाटणारी बाई गुडघेदुखीची तक्रार घेऊन येते आणि चालण्याचा सल्ला ऐकताच म्हणते, “डॉक्टर, दिवसभर उभीच असते की मी!” तिचे म्हणणे खोटे नाही, मात्र ओट्यापाशी तासन्‌तास खिळून राहण्याने सांधे शिणतात, आणि हृदयास व फुप्फुसांस जी गती हवी ती मिळतच नाही. शिवाय संध्याकाळी एकटी फिरावयास निघाली, तर शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती असतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. एका दमात निदान दहा मिनिटे व्हावीत, ही पूर्वीची अट २०२० साली गळाली, आणि गरिबाच्या दृष्टीने हीच बाब मोलाची! स्टेशनापर्यंत रिक्षा न करता, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. भिंतीस हात टेकून जोर काढावेत. खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठावे-बसावे. छातीत दुखत असेल वा थोड्या श्रमाने धाप लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी.

आणि ज्यांच्या ताब्यात गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीची किल्ली आहे, त्या सेक्रेटरीमहाशयांना एक विनंती: सकाळ-संध्याकाळ तासभर ती गच्ची बायकांसाठी मोकळी ठेवण्याची तजवीज करावी.