टायपिंगच्या दुकानात ‘डिफॉल्ट’ कसे ठेवावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत टायपिंग, झेरॉक्स व छपाईची छोटी दुकाने चालवून आपले अनेक तरुण हलाल रोजी कमावत आहेत. लग्नपत्रिकेचा मजकूर कऱ्हाडात टाइप होतो, छपाई सांगलीत होते. फाईल तिकडे उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर काम दुबार होते आणि गिऱ्हाईक तुटते.

‘डिफॉल्ट’ म्हणजे आपण काहीच न निवडता संगणक आपोआप जे लागू करतो ते. दुकानातला नवा मुलगा ते कधीच बदलत नाही. म्हणून मालकाने ते विचार करून एकदाच ठरवावे. आम्ही पुढील पाच गोष्टी सुचवतो.

१) अक्षरे : जुन्या फाँटांत आतून इंग्रजी अक्षरेच असतात, फक्त रूप मराठी दिसते. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मजकूर वाचता येत नाही. नवे काम युनिकोडमध्येच करावे. विंडोज ८ पासून ‘निर्मला’ फाँट संगणकासोबतच येतो, तो ठेवावा. वर्डमध्ये मराठीचा फाँट ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत वेगळा निवडावा लागतो, हे विसरू नये.

२) साठवण : नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ असावे. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये ते आपोआप असते. त्याआधी ‘अँसी’ असे. इशारा न वाचता ‘ओके’ दाबले की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि ती फाईल पुन्हा सुधारत नाही.

३) कागद : ‘लेटर’ २१६ × २७९ मिलीमीटर, तर ‘ए-४’ २१० × २९७ मिलीमीटर असतो. ‘लेटर’ तसाच राहिला तर छापताना ओळी सरकतात. ‘ए-४’ कायम करावा.

४) वीज : वर्ड दर १० मिनिटांनी आपोआप प्रत राखते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. ती मुदत २ मिनिटे करावी. तरीही कंट्रोल-एस दाबण्याची सवय सोडू नये.

५) आपोआप क्रमांक : हे बंद ठेवावे. अर्जात ‘मुद्दा ४ प्रमाणे’ असे लिहिलेले असते. वरची एक ओळ काढली की क्रमांक बदलतात आणि अर्जाचा अर्थच फिरतो.

पत्रिकेतील उर्दू मजकुराला उजवीकडून डावीकडे दिशा लागते. ती त्या परिच्छेदापुरतीच द्यावी, डिफॉल्ट करू नये. दिवसात दहा वेळा लागते ते डिफॉल्ट; क्वचित लागते ते हाताने करावे.

ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवाव्यात. दुसऱ्या गावी मजकूर पाठवताना सोबत पीडीएफही द्यावी, म्हणजे छापणाऱ्याला मूळ रूप दिसेल.

गिऱ्हाइकाचा मजकूर ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. ती जशीच्या तशी पोहोचवणे हे आपले कर्तव्य आहे. अर्धा तास खर्च करून एवढी मांडणी केली, तर इन्शाअल्लाह कामही वाचेल आणि विश्वासही टिकेल.