आधी ठरव, मग शटर दाब

चि. सोनूस,


निसर्गचित्रणासाठी 4×5 इंची फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हणतोस, आणि त्याने सावकाश फोटो काढायची सवय लागेल असं कारण देतोस. कॅमेरा जरूर घे, पण हे कारण मला पटत नाही. ट्रायपॉड रोवायचा, काळ्या कपड्याखाली डोकं घालायचं, ग्राउंड ग्लासवरचं उलटं चित्र भिंगाने तपासायचं, मग फिल्मचा होल्डर सरकवायचा. एवढं होईपर्यंत ढग पुढे गेलेला असतो. सावकाशपणा ही त्या कॅमेऱ्याची अडचण आहे, गुण नव्हे. फोटोत काय दिसायला हवं ते शटर दाबण्याआधीच ठरवायला तो भाग पाडतो, हा त्याचा गुण.

याचा एक दाखला घे. छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने 10 एप्रिल 1927 रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो घेतला, तेव्हा त्याच्यापाशी काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. लगेच त्याच्या लक्षात आलं की कडा नीट उमटेल, पण त्याचा दरारा उमटणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश जवळजवळ काळं झालं आणि बर्फ नि पाषाण उठून आले. असं आकाश डोळ्यांना तिथे दिसत नव्हतं आणि तपासून बघायला कॅमेऱ्यामागे पडदाही नव्हता. ते चित्र आधी डोक्यात तयार झालं.

दुसरा दाखला तर सावकाशपणाच्या नेमका विरुद्ध आहे. 1 नोव्हेंबर 1941, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव. सूर्य मावळतीला टेकलेला, दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं ऊन, वर चंद्र. अॅडम्सने 8×10 इंची कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण लाइटमीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला 250 कँडल असते हे त्याला पाठ होतं. त्यावरून हिशेब केला, फिल्टरसाठी वेळ वाढवला आणि एफ/32 वर एक सेकंद दिला. खबरदारी म्हणून दुसरं निगेटिव्ह घ्यायला होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. एवढ्या जड कॅमेऱ्याने घाईत काढलेला हा फोटो साधला, कारण हिशेब आधीच अंगवळणी पडला होता.

तू म्हणशील, हे डिजिटलवरही जमेल. जमेल, नाकारत नाही. पण फोटो लगेच मागे दिसतो म्हटल्यावर ‘बरोबर आलं का?’ हा प्रश्न आपण नंतर विचारू लागतो. स्वखुशीने पाळलेली शिस्त प्रकाश झरझर बदलताना पहिली सुटते. बारकाव्यांचा मुद्दा मी मुद्दामच बाजूला ठेवतो. 4×5ची शीट 35 मिमीच्या चौकटीच्या सुमारे पंधरा पट मोठी खरी, पण तिचं चीज भिंतभर प्रिंट काढणाऱ्यालाच.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. अॅडम्सने हर्नांडेझच्या निगेटिव्हचा खालचा भाग 1948 मध्ये रसायनाने गडद करून घेतला आणि पुढच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. मग आधी ठरवलेलं कुठे गेलं? माझ्या मते त्याने भर कुठे द्यायचा ते बदललं, माल तोच राहिला. चंद्राचा तपशील निगेटिव्हमध्ये जळून गेला असता तर कुठल्याही डार्करूमला तो परत आणता आला नसता.

मध्यम फॉरमॅट कमी दर्जाचा समजू नकोस. अॅडम्सचा 1960 चा चंद्र आणि हाफ डोमचा फोटो हॅसलब्लाडवरचाच. पण 6×6 च्या रोलवर बारा फोटो एकत्र डेव्हलप होतात. फ्रेड आर्चरच्या जोडीने अॅडम्सने बसवलेल्या झोन सिस्टीमचा गाभा असा, की सावलीकडे बघून एक्स्पोजर ठरवायचं आणि उजळ भागाकडे बघून डेव्हलपिंगचा वेळ. प्रत्येक शीट वेगळी धुता येते, म्हणून हे शिकायला 4×5 बरा. रोलवर तडजोड करावी लागते, नाहीतर वेगवेगळ्या मॅगझिन बाळगाव्या लागतात.

शीट महाग पडते, हे खरं. पण त्या धास्तीने ‘अजून प्रकाश चांगला येईल’ म्हणत भरलेले होल्डर तसेच घरी आणणं हा उलटा दोष, आणि तोही मोठाच. प्रत्येक शीटमागे वहीत लिही: सावलीचं आणि उजेडाचं रीडिंग, फिल्टर, आणि कोणता भाग प्रिंटमध्ये किती काळा हवा. हे शटर दाबण्याआधी लिही. नंतर लिहिलेलं बहुधा निगेटिव्हची बाजू घेतं.

अंधारात होल्डर भरायची सवय आधी वाया गेलेल्या शीटवर, डोळे मिटून कर. उभी शीट उजव्या हातात धरल्यावर कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात लागली, की इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणारी, बाजू तुझ्याकडे आहे असं समज.

तुझा,
मामा