मांजराच्या गुर्द्यांची चाहूल

सातवीच्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, आमची म्हातारी मांजर हल्ली फार पाणी पिते, असे का?" प्रश्न महत्त्वाचा आहे. उतारवयात मांजरांना मूत्रपिंडांचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या गुर्द्यांचा, जुनाट विकार पुष्कळदा होतो.

रोगाची चाहूल देणाऱ्या, मोजता येणाऱ्या घटकाला जैवसूचक म्हणतात. क्रिएटिनिन हा जुना जैवसूचक. तो स्नायूंत तयार होतो व मूत्रपिंडे त्याला लघवीवाटे बाहेर टाकतात. पण रक्तात तो वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेलेली असते. शिवाय स्नायू झिजलेल्या म्हाताऱ्या मांजरात तो मुळातच कमी तयार होतो, म्हणून अहवाल फसवा ठरू शकतो.

२०१५ पासून एसडीएमए हा जैवसूचक नेहमीच्या तपासणीत आला. स्नायूंच्या झिजेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि सरासरी ४० टक्के कार्यक्षमता गेल्यावरच तो वाढू लागतो. तरीही एका आकड्यावर निदान होत नाही. फेरतपासणी, लघवीची घनता व रक्तदाबही पाहावा लागतो.

गेलेली कार्यक्षमता परत येत नाही. वेळीच कळले तर योग्य आहाराने उरलेली जपता येते. मुका जीव सांगू शकत नाही. त्याच्या पाण्याच्या वाटीकडे लक्ष आपणच ठेवायचे.