चालू खेळातून मॉड काढू नका

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ तेव्हा अकरावीत. रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. "दादा, स्कायरिम सारखा बंद पडतोय. व्हाइटरनच्या वेशीतून आत गेलं की थेट डेस्कटॉप. बघशील का?" मी हा खेळ २०१३ पासून मॉड, म्हणजे खेळात फेरफार करणाऱ्या जोडण्या, घालून खेळतो, त्यामुळे घरातल्या असल्या दुरुस्त्या माझ्याकडेच येतात. "आण इकडे," म्हणालो.

त्याच्याकडे ११८ मॉड होते. यादी वर-खाली करून पाहिली. त्यात व्हाइटरनच्या तटाला लागून बांधलेलं एक मोठं घर होतं आणि त्याच शहराच्या रस्त्यांत, झाडांत फेरफार करणारं दुसरं एक मॉड होतं. या दोघांचं भांडण असणार, हे मी बरोबर ओळखलं. मग घराच्या नावापुढची खूण काढली आणि त्याचा सेव्ह उघडला. खेळाने पडद्यावर विचारलं, हा सेव्ह ज्या गोष्टींवर उभा आहे त्यातल्या काही आता इथे नाहीत, काही वस्तू मिळणार नाहीत, तरी पुढे जायचं का? मी 'हो' दाबलं. वेशीतून आत-बाहेर, आत-बाहेर केलं. एकदाही बंद पडला नाही. सेव्ह केलं आणि लॅपटॉप त्याच्या हातात दिला. वीस मिनिटांचं काम होतं.

सकाळी तो माझ्या अंथरुणाशी उभा. "दादा, माझं घर कुठे गेलं?"

त्याच्या १६० तासांच्या खेळात गोळा केलेलं सगळं त्या घरातल्या पेट्यांत होतं. ड्रॅगन प्रीस्टचे मुखवटे, डेड्रिक शस्त्रं, गुहा-गुहांतून आणलेली पुस्तकं. घर गेलं तशा पेट्याही गेल्या. तो नेहमी एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहायचा, मीही त्याच ओळीवर लिहिलं होतं. ऑटोसेव्हचे तीन कप्पे असतात, तेही वेशीतून माझ्या ये-जा करण्यात भरून गेले, कारण दारातून जागा बदलली की खेळ आपणहून सेव्ह करतो. घराचं मॉड परत चालू केलं तेव्हा घर आलं, पण पेट्या नव्या आणि रिकाम्या. तो काही बोलला नाही, लॅपटॉप मिटून ठेवला. त्या सुट्टीत त्याने पुन्हा स्कायरिम उघडला नाही.

त्यानंतर मी ज्याला-त्याला हेच सांगत आलो आहे, की चालू खेळातून मॉड काढायचं नसतं. सेव्ह म्हणजे निव्वळ 'मी कुठे उभा आहे' एवढीच नोंद नव्हे. मॉडने जगात ठेवलेल्या वस्तू, त्या वस्तूंत आपण भरलेलं सामान आणि मॉडच्या चालू असलेल्या स्क्रिप्ट, हे सगळं त्यात मुरतं. मॉड काढलं तरी स्क्रिप्टचे तुकडे सेव्हमध्ये मागे राहतात, आणि ज्यांचा मालकच उरला नाही असे तुकडे दहा-वीस तासांनी भलत्याच ठिकाणी त्रास देतात. सेव्ह साफ करणारी साधनं आहेत. ती उरलेला कचरा काढतात, गेलेलं सामान परत आणत नाहीत. काढायचंच असेल तर नवा खेळ सुरू करताना काढा. नाहीतर मॉड घालण्याआधीच्या सेव्हवर परत जा. फक्त चित्रं किंवा आवाज बदलणारी मॉड याला अपवाद आहेत, ती केव्हाही काढता येतात.

आता मुळाकडे येतो. मॉड एकमेकांशी का भांडतात, हे समजलं तर निम्म्या दुरुस्त्या आपल्या आपण होतात.

स्कायरिम २०११ मध्ये आला, त्याची चौसष्ट बिटांची स्पेशल एडिशन २०१६ मध्ये. खेळातली प्रत्येक गोष्ट, मग तो माणूस असो, तलवार असो की खोली, आठ आकड्या-अक्षरांच्या क्रमांकाने नोंदलेली असते. पहिली दोन अक्षरं सांगतात की ही नोंद मूळ कुठल्या प्लगइनमधली, म्हणजे लोड ऑर्डरमधल्या (खेळ ज्या क्रमाने फायली उघडतो त्यातल्या) कितव्या फाइलमधली. या दोन अक्षरांत २५६ जागा बसतात. त्यातली शेवटची जागा खेळ चालू असताना तयार होणाऱ्या वस्तूंसाठी राखलेली असते आणि तिच्या आधीची हलक्या प्लगइनसाठी. म्हणून पूर्ण वजनाचे प्लगइन २५४ च्या वर जात नाहीत. हलके मात्र त्या एकाच जागेत ४०९६ पर्यंत मावतात.

दोन मॉडनी एकाच नोंदीला हात लावला तर यादीत जो शेवटी येतो त्याचं चालतं. भिंतीला दिलेल्या रंगाचा शेवटचा हात दिसतो, तसं. पण फसगत होते ती पुढच्या गोष्टीत. प्लगइन फक्त बदललेली ओळ घेऊन येत नाही, तो अख्ख्या नोंदीची नक्कल घेऊन येतो. समजा, एका मॉडने एखाद्या गावकऱ्याच्या नोंदीतली मूळ चूक दुरुस्त केली. दुसऱ्या मॉडने त्याचाच चेहरा सुंदर केला, पण तो करताना नक्कल घेतली ती खेळाच्या मूळ, न सुधारलेल्या नोंदीची. दुसरं मॉड खाली असेल तर चेहरा नवा दिसतो आणि पहिल्याची दुरुस्ती गुपचूप पुसली जाते. खेळ बंद पडत नाही, तक्रार करत नाही. तो गावकरी आपल्याला हवा तसा वागत नाही, एवढंच. अशा वेळी तिसरा छोटा प्लगइन लागतो, ज्यात दोघांचं हवं ते एकत्र केलेलं असतं. त्यालाच पॅच म्हणतात, आणि तो दोघांच्याही खाली ठेवायचा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एसएसई-एडिट हे साधन उघडा. एका नोंदीवर क्लिक केलं की तिला हात लावणारे सगळे प्लगइन शेजारी-शेजारी रकान्यांत दिसतात. सर्वांत उजवीकडचा जिंकलेला. कुठली ओळ कुणी पुसली ते रंगांवरून कळतं. पहिल्यांदा घाबरायला होतं, पण तासभर बसलात तर वाचता येतं. लूट नावाचं साधन यादी आपोआप लावून देतं आणि कुणाला कोण आधी हवा हे त्याला चांगलं ठाऊक असतं. मी ते नेहमी वापरतो. पण तुम्हाला कुणाचा चेहरा आणि कुणाची तलवार हवी आहे, हे लूटला माहीत नसतं. तो निर्णय तुमचाच.

इतकं समजूनही पुष्कळ लोक एका ठिकाणी अडकतात, कारण क्रम एक नसतो, दोन असतात. मॉड सांभाळणारं मॉड ऑर्गनायझर उघडलं की डावीकडे मॉडची यादी दिसते आणि उजवीकडे प्लगइनची. उजवीकडचा क्रम नोंदींचा. डावीकडचा क्रम फायलींचा, म्हणजे चित्रं, आकार, आवाज यांचा. दोन्हीकडे खालचा वरच्यावर मात करतो, पण दोन्हीकडचे विजेते वेगळे असू शकतात.

याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे काळा पडलेला चेहरा. व्हाइटरनमध्ये 'थेन' हा मान मिळाला की लिडिया तुमच्या सेवेला येते. एक दिवस तुम्ही तिथल्या ड्रॅगन्सरीच राजवाड्यात शिरता आणि तिचं अंग नेहमीच्या रंगाचं, चेहरा मात्र कोळशासारखा. लिडियाच्या नोंदीचा क्रमांक ०००ए२सी८ई. तिच्या डोक्याच्या आकाराची फाइल याच नावाची असते आणि चेहऱ्यावरच्या रंगछटेचीही. प्लगइनमधली नोंद एका मॉडची जिंकली आणि डोक्याची फाइल दुसऱ्या मॉडची जिंकली, तर नोंद एक नाक सांगते, फाइल दुसरं नाक देते. खेळाला त्यांचा मेळ घालता येत नाही आणि चेहरा काळा होतो. उपाय सोपा आहे. एसएसई-एडिटमध्ये हा क्रमांक टाका, उजवीकडचा शेवटचा प्लगइन कुणाचा ते पाहा आणि डावीकडच्या यादीतही त्याच मॉडला वरचढ ठेवा. मी हे पहिल्यांदा शोधलं तेव्हा दोन संध्याकाळी गेल्या होत्या. आता दोन मिनिटं लागतात.

बाकीच्या खुणा पटकन सांगतो. वस्तू जांभळी दिसली तर तिचं चित्र सापडत नाही. वस्तूच्या जागी लाल उद्गारचिन्ह दिसलं तर आकाराची फाइल नाही. माणसं दोन्ही हात पसरून खांबासारखी उभी राहिली तर हालचालींची मॉड घातल्यावर निमेसिससारखं साधन पुन्हा चालवायचं राहिलं आहे. मुख्य पडदा यायच्या आधीच खेळ बंद पडला तर बहुधा एखाद्या प्लगइनला हवा असलेला मास्टर, म्हणजे ज्याच्यावर तो उभा आहे ती फाइल, तुमच्याकडे नाही. मॉड ऑर्गनायझर तशी इशाऱ्याची खूण दाखवतं, ती दुर्लक्षू नका. आणि काल व्यवस्थित चालणारा खेळ आज, काहीही न घालता, उघडेनासा झाला तर आधी खेळाची आवृत्ती पाहा. एसकेएसई हे साधन आणि त्याच्यावर चालणारी बरीच मॉड खेळाच्या ठरावीक आवृत्तीसाठीच बनवलेली असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये खेळ १.५.९७ वरून १.६ वर गेला तेव्हा अशी कितीतरी मॉड एका दिवसात बंद पडली. स्टीममध्ये 'खेळ सुरू करताना अपडेट करा' हा पर्याय निवडा आणि खेळ कायम एसकेएसईमधूनच सुरू करा. शिवाय खेळ प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे विंडोज फायलींना हात लावू देताना आडकाठी करतं.

कारण सापडतच नसेल तर निम्मी-निम्मी छाटणी करावी. हे मात्र आपल्या खऱ्या सेव्हवर अजिबात नाही. मॉड ऑर्गनायझरमध्ये नवं प्रोफाइल काढायचं, मुख्य पडद्यावरच कन्सोल उघडून 'सीओसी रिव्हरवूड' अशी आज्ञा द्यायची. खेळ तुम्हाला कोऱ्या पात्रासकट त्या गावात नेऊन ठेवतो. आता निम्मी मॉड बंद करा, पण एकमेकांवर उभी असलेली जोडीने बंद करा. तरीही बिघाड होतो का? तर दोष उरलेल्या निम्म्यात. १२८ मॉड असतील तर सात फेऱ्यांत एकावर येता. एकेक काढत बसलात तर रात्र जाते आणि हाती काही लागत नाही. क्रॅश लॉगर आधीच घालून ठेवला असेल तर बंद पडण्याच्या क्षणी कुठली फाइल हातात होती हे तो लिहून ठेवतो. ती नोंद दरवेळी गुन्हेगाराचं नाव देत नाही, पण कुठल्या गल्लीत शोधायचं ते नक्की दाखवते.

मामेभावाच्या लॅपटॉपवरचं भांडणही मी पुढे अशाच तऱ्हेने सोडवलं. शहर बदलणाऱ्या मॉडने वेशीजवळचा नेव्हमेश, म्हणजे माणसं कुठून चालू शकतात त्याचा नकाशा, काढून टाकला होता, आणि घराचं मॉड त्याच नकाशाला जोडलेलं होतं. दोघांसाठीचा पॅच तयार होता. घराच्या मॉडच्या माहितीच्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, त्याचं नाव लिहिलेलं होतं. त्या रात्री मी ते पान उघडलं असतं तर घरही राहिलं असतं आणि वेसही.

म्हणून माझ्याकडे आता वही आहे. मॉडचं नाव, तारीख, ते कशासाठी घातलं, त्याला काय हवं, कुणाशी पटत नाही आणि मधेच काढता येतं का. माहितीचं पान पूर्ण वाचल्याशिवाय ही ओळ भरता येत नाही, हाच तिचा खरा उपयोग. एका वेळी दोन-तीन मॉड घालतो, अर्धा तास खेळतो, मग पुढची. घाईने चाळीस एकदम घातली तर बिघाड कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही.

भावाने पुढच्या मे महिन्यात नवा खेळ सुरू केला. यादी आम्ही दोघांनी मिळून लावली. घराचं मॉड त्याने तेच ठेवलं, खाली पॅच लावून.

कुणाचाही खेळ दुरुस्त करायला बसाल तेव्हा एक काम सगळ्यांत आधी करा. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात सेव्हज नावाचा फोल्डर आहे. तो अख्खा दुसरीकडे कॉपी करा. प्रत्येक सेव्हच्या दोन फायली असतात, एक खेळाची आणि त्याच नावाची दुसरी एसकेएसईची. दोन्ही घ्या. मग मॉडच्या यादीला हात लावा.