तक्त्यांचे वाचन आणि ‘पांडास’

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी चाळला आहे त्यांना त्यातील जमाखर्चाचे तक्ते आठवत असतील. विधानाला आकड्याचा आधार हवा, ही शिस्त त्या पानापानांतून दिसते. आज असे तक्ते कागदावर थोडे आणि संगणकावर फार, आणि तेही एकाच प्रकारच्या फाइलमध्ये नसतात. कोणी एक्सेल पाठवतो, कोणी सीएसव्ही, तर कोणी जेसन. या साऱ्यांचे वाचन एकाच रीतीने करण्याचे साधन म्हणजे पायथॉन या संगणकभाषेतील ‘पांडास’ ही लायब्ररी.

लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे, तर इतरांनी लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा आज्ञांचा संच. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील एका वित्तसंस्थेत असताना पांडासचे काम सुरू केले आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. नावाचा त्या गोंडस प्राण्याशी संबंध नाही. ते ‘पॅनल डेटा’ या संज्ञेवरून आले आहे. तिला एक पैसाही मोजावा लागत नाही, ही आपल्या वसतिगृहातील मुलांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

फाइल कोणतीही असो, पांडास तिचे रूपांतर ‘डेटाफ्रेम’मध्ये, म्हणजे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यात करते. मात्र वाचताना ती काही अंदाज बांधते. सीएसव्ही फाइलमधील ‘००४७’ हा दाखलखारीज क्रमांक तिला संख्या वाटतो आणि नुसता ४७ उरतो. तो रकाना अक्षरांचा आहे, हे आपणच सांगावे लागते. ०५/०६/१९९८ ही तारीख आपल्याला ५ जून वाटते. पांडासला तारखा ओळखण्यास सांगताना दिवस आधी येतो हे सुचवले नाही, तर ती ६ मे होते.

याहून गंभीर प्रश्न शब्दांचा आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशातील बौद्धांची संख्या नगण्य होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार नोंदली गेली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा झाली होती. धर्माच्या रकान्यात कोणता शब्द लिहिला जातो यावर एका समाजाचे इतिहासातील दृश्य अस्तित्व अवलंबून असते, याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आता समजा, विद्यार्थ्यांच्या एखाद्या यादीत धर्माचा रकाना आहे. कोणी ‘बौद्ध’ लिहिले, कोणी ‘नवबौद्ध’, कोणी ‘बुद्धिस्ट’, तर कोणी घाईत ‘बौध्द’. शेवटचा शब्द वाचताना आपण अडत नाही, कारण डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो. संगणकाला मात्र द आणि ध यांचा क्रम उलटला की शब्दच निराळा. शब्दापुढे एक रिकामी जागा राहिली तरी तो निराळा. गटवार मोजणीत एकाच समाजाचे चार-पाच तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा लहान दिसतो. मग त्या आकड्यांवर शिष्यवृत्तीची मागणी बेतली, तर नुकसान कोणाचे, हे सांगायला नको.

पांडासमधील ‘व्हॅल्यू-काउंट्स’ ही आज्ञा रकान्यातील प्रत्येक निराळा शब्द किती वेळा आला ते दाखवते. ती सर्वांत आधी चालवावी. पण सांगितल्यावाचून ती रिकामे चौकोन मोजत नाही. ज्यांनी काहीच लिहिले नाही ते यादीतून मुकाट्याने गळतात. म्हणून ‘ड्रॉप-एनए’ला ‘फॉल्स’ ही किंमत द्यावी. उत्पन्नाच्या रकान्यातही हीच काळजी घ्यावी. रिकामा चौकोन म्हणजे शून्य उत्पन्न नव्हे, आणि सरासरी काढताना पांडास तो चौकोन वगळते.

शब्द एकरूप करताना मूळ रकाना पुसू नये, शेजारी नवा रकाना करावा. ‘नवबौद्ध’ असे लिहिणाऱ्याने ते का लिहिले, हा उद्या कोणाच्या तरी अभ्यासाचा विषय असेल. तयार तक्ता सीएसव्हीत साठवताना ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग निवडावे, म्हणजे कार्यालयातील एक्सेलमध्येही देवनागरी अक्षरे शाबूत उघडतात.