पहिल्याचा मान

‘एसएसएच’ हे नाव आपल्या कलाशाखेत क्वचितच कानी पडते. दूरच्या संगणकाला आपल्या मेजावरून लेखी आज्ञा देऊन काम करवून घेण्याचे हे साधन होय. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली ते रचले.

माझा त्याच्याशी संबंध आला तो प्रबंधामुळे. जुन्या नियतकालिकांतील शब्दांची मोजदाद मी परगावच्या एका संगणकावर करीत असे. दर वेळी पत्ता व नाव टंकण्याचा कंटाळा आला, म्हणून ‘कॉन्फिग’ नावाच्या फायलीत सूचना लिहून ठेवल्या. तीत ‘होस्ट’ या शब्दापुढे यंत्राचे टोपणनाव लिहावयाचे व खाली त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव इत्यादी. ‘होस्ट’पुढे नुसती तारका घातली, की तो विभाग सर्व यंत्रांना लागू होतो.

येथेच माझी चूक झाली. प्रत्येक यंत्राची ओळखखूण असते. ती बदललेली दिसली, तर पलीकडे कोणी तोतया असण्याचा संभव असतो. ही खूण काटेकोर तपासणारी सूचना मी सोयीसाठी वरच्या तारकेच्या विभागात ‘नो’ केली आणि खाली प्रबंधाच्या यंत्रापुरती ‘येस’ लिहिली. विशेष नियम सामान्याला बाधतो आणि तुल्यबळ नियमांच्या विरोधात नंतरचा बलवान ठरतो, हे पाणिनीचे व्याकरण संस्कृतच्या तासाला शिकलो होतो. तेच येथे गृहीत धरले.

एसएसएचची रीत मात्र उलटी. ते प्रथम आज्ञेच्या ओळीतील सूचना पाहते, मग आपली फाईल, शेवटी संपूर्ण संगणकासाठीची सामाईक फाईल. कोणत्याही सूचनेचे जे मूल्य पहिल्यांदा सापडेल तेच कायम. पुढचे वाचूनही व्यर्थ! अर्थात माझे ‘नो’ जिंकले होते.

हे कळले कसे? ‘एसएसएच’पुढे उणे चिन्ह, मोठ्या लिपीतील ‘जी’ आणि यंत्राचे टोपणनाव लिहिले, की जोडणी न करता अंतिम सूचनांची यादी समोर येते. तीत तपासणी बंद दिसली. दोन महिने मी कुलूप लावल्याच्या समाधानात दार उघडे टाकून झोपत होतो! सुदैवाने हानी झाली नाही.

मग मी ते ‘नो’ खोडले आणि तारकेचा विभाग तळाशी नेला. विशेष ते वर, सामान्य ते खाली, एवढा क्रम विद्यार्थिमित्रांनी ध्यानी ठेवावा. आणि लिहिलेले लागू झाले की नाही, हे एकदा विचारून पाहावे.