माध्यमिक शाळेतील गणिताचा क्रम : पालकांसाठी काही विचार

आपल्या व्यापारी कुटुंबांत हिशेबाची वाण कधीच नव्हती. पावकी, निमकी, दिडकी यांच्या पाठांतरावर मागील पिढ्यांनी पेढ्या चालविल्या. परंतु आज शाळेत शिकविले जाणारे गणित हा केवळ हिशेब नव्हे. मुलगा अथवा मुलगी दहावीपर्यंत आली म्हणजे “पुढे दुकानच पाहावयाचे, मग अवघड गणित कशाला?” असा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे गणित कोणत्या क्रमाने चढत जाते, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. म्हणून उदाहरणेही आपल्या धान्याच्या धंद्यातीलच घेतो.

समजा, एक गहू ३४०० रुपये क्विंटल व दुसरा ४२०० रुपये क्विंटल आहे. गिऱ्हाइकाला सांगून दोहोंचा ३७०० रुपये भावाचा मिश्र माल द्यावयाचा आहे. आपला जुना मुनीम मधल्या भावापासूनची अंतरे उलटी घेऊन चटकन ५ : ३ हे प्रमाण सांगेल. हे झाले अंकगणित. आठवीच्या सुमारास विद्यार्थी हेच समीकरणाने सोडवितो : एकूण माल ८ क्विंटल असेल तर पहिला ‘क्ष’ व दुसरा ‘८ उणे क्ष’, उत्तर ५ येते. दहावीत दोन अज्ञात संख्यांची दोन समीकरणे मांडून व त्यांचे आलेख काढून तेच उत्तर मिळते. येथवर मुनीम मुलाच्या पुढेच राहील.

पण आता कोठारात शंभर क्विंटलच माल मावतो, भांडवल ३,६०,००० रुपयेच आहे, आणि दोन्ही गव्हांवरील नफा निरनिराळा आहे, असे धरा. कोणता माल किती भरावा? येथे समीकरणाच्या जागी ‘याहून अधिक नको’ अशा अटी येतात. अकरावीत असमानता व बारावीत ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ शिकवितात ते याच प्रश्नासाठी. पाठांतराची रीत येथे पुरत नाही. दहावीचा आलेख ज्याला उमगला तोच पुढे जातो.

व्याजाचेही तसेच. १,००,००० रुपये दहा टक्के सरळ व्याजाने तीन वर्षांत १,१०,०००, १,२०,००० व १,३०,००० होतात. ही अंकगणिती श्रेढी दहावीत येते. चक्रवाढीने तेच १,१०,०००, १,२१,००० व १,३३,१०० होतात. ही भूमिती श्रेढी अकरावीत येते. तिच्याच बेरजेतून बँकेच्या मासिक हप्त्याचे सूत्र निघते. एक पायरी गाळली की पुढची हवेत राहते.

हा क्रम नवा नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथातही परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, त्यानंतर व्याज व मिश्रणाची गणिते आणि पुढे क्षेत्रगणित असा चढता अनुक्रम आहे.

आता निर्णयाचा भाग. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या ‘स्टँडर्ड’ व ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका सुरू केल्या. अभ्यासक्रम एकच ठेवला. काठिण्य तेवढे वेगळे. मूळ नियमानुसार ‘बेसिक’ घेऊन उत्तीर्ण झालेल्यास अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नसे. त्यासाठी पुरवणी परीक्षेत ‘स्टँडर्ड’ उत्तीर्ण व्हावे लागे. पुढे काही वर्षी यात सवलत दिली गेली. म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक शाळेत पाहूनच अर्ज भरावा. २०२०-२१ पासून अकरावीस ‘उपयोजित गणित’ हा स्वतंत्र विषय आला. त्यात मिश्रण, भागीदारी, घसारा, मासिक हप्ते, संख्याशास्त्र असे आपल्या ओळखीचे विषय असून कलनशास्त्राचाही काही भाग आहे. सदिश व त्रिमितीय भूमिती मात्र नेहमीच्या गणितात शिकवितात.

यावरून दिसेल की अभियांत्रिकी अथवा वास्तुशास्त्राकडे जाण्याची किंचितही शक्यता असल्यास नेहमीचे गणित सोडू नये. वाणिज्य शाखेकडे ओढा असल्यास उपयोजित गणित कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. चार्टर्ड अकाउंटंटच्या पहिल्या परीक्षेतही व्यापारी गणित व संख्याशास्त्र यांची प्रश्नपत्रिका असते. मात्र चार-दोन गुण अधिक पडावेत एवढ्याचसाठी दहावीत सोपी प्रश्नपत्रिका निवडणे हा महागडा सौदा होय. पंधराव्या वर्षी मुलाचा कल पुरता ठरलेला नसतो. ज्याला खरोखरच गणिताचा धसका आहे, त्याने ‘बेसिक’ अवश्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

मुलींच्या बाबतीत एक विनंती. “तिला काय करायचे आहे?” असे म्हणून तिचा विषय आपण ठरवू नये. आज कित्येक पेढ्यांचे जमाखर्च व करविवरण घरच्या सुनाच पाहतात.

पालकांनी नववीच्या आरंभीच शिक्षकांना भेटावे, मूल कोणत्या पायरीवर अडते ते विचारावे, आणि सुट्टीत त्याला आठवड्यातून एकदा दुकानाच्या खतावणीशी बसवावे. शाळेतील सूत्र व पेढीवरील आकडा यांची एकदा ओळख पटली, म्हणजे निवड करणे त्यालाही सोपे जाईल व आपल्यालाही.